दिवाळीच्या पाळीविषयी

कोल्हापूर

चि. मृणालिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या हाताखालची बारा माणसे एकमेकांच्या मदतीला जात नाहीत, बक्षिसे आणि तंबी दोन्ही करून झाले, असे तू लिहिलेस. ते वाचून मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठेत शिरले, तेव्हा आपल्या तालमीच्या अध्यक्षांच्या घरात कमरेइतके पाणी होते, आणि ते मात्र मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना नावेतून बाहेर काढत होते. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता पोरांनी चूल मांडली. वर्षानुवर्षे अबोला असलेल्या दोन घरांतली मुले एकाच पातेल्यातला भात ढवळत होती. याच अध्यक्षांनी पूर्वी श्रमदानाचा फलक लावला, तेव्हा चार जण आले होते.

पुढारी काही सांगू लागला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, यात त्याचा काय फायदा? त्याने आपल्या डोळ्यांदेखत स्वतःचे नुकसान सोसले की तो संशय गळतो. शिवाय मदत करून आपण एकटेच फसणार नाही, असा धीरही येतो.

राजर्षी शाहू महाराजांना ही जाण होती, असे मला वाटते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले असून पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढायला साहाय्य केले. तेवढ्यावर ते थांबू शकले असते. पण ते स्वतः तेथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. त्या काळी अशा एका पेल्यापायी माणसाला स्वतःच्या समाजातले स्थान गमवावे लागे, आणि महाराजांना वेदमंत्रांनी विधी करण्याचा अधिकार नाकारला गेला, त्या वेदोक्त प्रकरणाचे चटके त्यांनी सोसलेले होते. बरोबरच्या कित्येकांनी प्रथम केवळ भिडेपोटी तो पेला उचलला असेल, हे मी मान्य करतो. गंगारामांनी मात्र पुढे स्वतः पुढाकार घेऊन नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले.

सोसलेले बोलून दाखवले की ऐकणाऱ्याला ते कर्जासारखे वाटते, आणि कर्ज माणूस नाइलाजानेच फेडतो. म्हणून दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी करशील, तेव्हा कोणालाही नको असलेली पाळी स्वतःच्या नावापुढे लिही आणि त्याविषयी एक शब्दही बोलू नकोस. लक्ष्मीपूजनाला तू येणार नाहीस, हे तुझ्या आईला मी समजावून सांगेन.

तुझे बाबा