चमचा वजनकाट्यावर ठेवलात, त्याबद्दल

आदरणीय आहारतज्ज्ञ ताई,
सप्रेम नमस्कार.

कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी आहाराचा तक्ता तुम्ही छानच करून दिलात, पण हे पत्र त्यासाठी नाही. बोलता बोलता तुम्ही मोठा चमचा वजनकाट्यावर ठेवलात, त्यात इसबगोल घेऊन बोटाने सपाट केलंत आणि म्हणालात, "हे बघा, पाच ग्रॅम. असे दोन, दिवसभरात मिळून." आभार त्या चमच्याचे. त्याआधी एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा बघून "तेलकट बंद करा, ओट्स खा" एवढं सांगत पुढच्या पेशंटला हाक मारणारेच भेटले होते. किती आणि कशासोबत, असं विचारलं की कपाळाला आठी.

आणि सगळं अडतं ते "किती"पाशीच. ओट्समधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात चिकट होणारा तंतू, रोज 3 ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल साधारण 5 ते 7 टक्के उतरतं. त्यासाठी कोरडे ओट्स 75 ग्रॅमच्या आसपास लागतात. सकाळी वाडगाभर शिजवून खाल्ले तरी ते बहुधा 40 ग्रॅमच असतात, म्हणजे निम्मी मात्रा. मग महिनोन्‌महिने खाऊनही रिपोर्ट हलत नाही आणि माणूस ओट्सलाच नावं ठेवतो. इसबगोलाचंही तेच. हे चिकट तंतू आतड्यातलं पित्ताम्ल (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ते पाचक द्रव्य) धरून बाहेर नेतात, ते पुन्हा तयार करायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. चिमूटभराने हे होत नाही.

इसबगोल फसतं कुठे, तेही तुम्हीच दाखवलंत. एका चमच्याला मोठा पेलाभर पाणी, आणि ढवळल्या ढवळल्या प्यायचं. ठेवून दिलं तर गोळा होतो. कोरडं तोंडात टाकलं तर घशात अडकू शकतं. पहिला आठवडा अर्ध्या चमच्याने सुरुवात, नाहीतर पोट फुगतं आणि लोक तिसऱ्या दिवशी डबा फेकून देतात. इतर औषधांत आणि यात दोन तासांचं अंतर.

मग तुम्ही सप्लिमेंटच्या बाटल्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचलीत. वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतली कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं) दिवसाला 2 ग्रॅम लागतात, तेही जेवणासोबत, कारण अन्नातल्या कोलेस्टेरॉलला आतड्यात शिरताना ते अडवतात. एका कॅप्सूलमध्ये 400 मिलिग्रॅम असेल तर रोज पाच झाल्या. दोन घेऊन काय व्हायचं! माशाच्या तेलाची बाटली तुम्ही बाजूला सारलीत, ती ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीसाठी, एलडीएलसाठी नव्हे. लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्यांवर मात्र तुमचा आवाज कडक झाला. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध, प्रमाण मात्र बाटलीगणिक वेगळं. स्टॅटिन चालू असताना "नैसर्गिक" म्हणून ती घेतली तर एकाच जातीचं औषध दुप्पट, आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका. शिवाय काही गोळ्यांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही सापडलेलं आहे. विकणाऱ्याने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

लोणी कमी करून त्या जागी मैद्याची बिस्किटं आली तर पदरात काही पडत नाही, मूठभर बदाम-अक्रोड किंवा असंतृप्त चरबीचं तेल यायला हवं, हेही तुम्ही न चिडता दोनदा समजावलंत. समोरच्याला कळेपर्यंत थांबणं हा केवढा मोठा चांगुलपणा आहे, हे घाईत उरकणाऱ्यांच्या दारातून फिरून आल्यावर फार जाणवतं. अशी माणसं आहेत म्हणून आजारी माणसाला पुन्हा विचारायचा धीर होतो.

आणखी एक. एलडीएल 190 च्या वर असेल तर नुसत्या आहारावर वेळ काढू नका, घरच्यांचंही तपासा, असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिलीत. स्वतःच्या तक्त्याची मर्यादा स्वतःहून सांगणारे फार थोडे. पुढची लिपिड (रक्तातल्या चरबीची) तपासणी तुम्ही सांगितल्याप्रमाणे आठ आठवड्यांनी होईल, तोवर मात्रा तीच राहील.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी