काउलिंगची झळ थांबवणाऱ्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

जुहूच्या हँगरमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या आपल्यासारख्या देखभाल अभियंत्याने अंधेरीतल्या आमच्या शेडमध्ये यावे आणि आम्हा हौशी मंडळींच्या दोन आसनी विमानाचे खालचे काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, स्वतः उतरवून पाहावे, याचे आभार खासगीत मानून आमचे समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र.

ग्राउंड रननंतर, म्हणजे विमान जमिनीवरच ठेवून इंजिन चालवून पाहिल्यावर, काउलिंगच्या आत, एक्झॉस्ट पाइपच्या बरोबर समोर, तळहाताएवढा तपकिरी डाग पडून काउलिंगच्या इपॉक्सी रेझिनला बारीक फोड आले होते. ज्याला विचारावे तो पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा, असेच सांगत होता. आपण ते साफ नाकारले. पट्टीखाली धातू अधिक तापतो, ओल धरून गंजतो आणि मुख्य म्हणजे त्याला गेलेली चीर झाकली जाते. विमानात अशी चीर आगीला किंवा केबिनमध्ये शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला कारण ठरू शकते, हे आपले म्हणणे आम्हाला तत्काळ पटले.

पिस्टन इंजिनाचा एक्झॉस्ट वायू ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि खोलीच्या तापमानाला सुकवलेले साधे इपॉक्सी बहुधा शंभराच्या आतच मऊ पडू लागते, एवढे आम्ही वाचले होते. मात्र आमच्या डागाला आतल्या गरम हवेपेक्षा पाइपची थेट झळ कारणीभूत आहे, हे आपण दाखवून दिलेत. ही झळ निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे काउलिंगसमोरचा धातू ६०० ऐवजी ५०० अंश सेल्सिअसवर राहिला, तरी ती सुमारे ३८ टक्क्यांनी घटते, हा हिशेब आपण तिथल्याच एका पुठ्ठ्यावर मांडलात. त्यानुसार पाइपपासून बोटभर अंतर सोडून होज क्लिपांनी स्टेनलेस स्टीलचा वळवलेला पत्रा बसवला आणि काउलिंगला आतून सिरॅमिक फायबरचा कागद व त्यावर चकचकीत अॅल्युमिनियम फॉइल लावली. फॉइलच्या कडा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करण्याबाबत आपण फार काटेकोर होतात, कारण आत इंजिन ऑइल झिरपले तर तोच कागद समईच्या वातीसारखा पेटता राहील.

इंजिन थांबल्यावर पंख्याची हवा बंद होते, पाइप मात्र तापलेलाच असतो. म्हणून ऑइल तपासण्याचे झाकण उघडे ठेवून कोंडलेली उष्णता वर जाऊ द्यावी, ही आपली सूचना आता आमच्या तपासणी यादीत आहे. आपण चिकटवायला लावलेल्या तापमानदर्शक पट्टीवरचा, तेवढे तापले की काळा पडणारा, ८२ अंशांचा चौकोन या वेळी पांढराच राहिला.

आपण मानधन घेतले नाहीत. निदान नागदेवी स्ट्रीटवरून स्वतःच्या खिशातून आणलेल्या सिरॅमिक कागदाचे पैसे तरी स्वीकारावेत, ही नम्र विनंती.

आपले कृतज्ञ,
विमानबांधणी गट, अंधेरी, मुंबई