पट का घसरला ते आधी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला पट (मुलांची संख्या) घसरलेल्या लहान शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याबद्दलचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय. लेखकांचा शिक्षणाचा अभ्यास असेल, त्याबद्दल आदर आहे. पण "यात विद्यार्थ्यांचं काहीही नुकसान होणार नाही" हे एक वाक्य त्यांनी कशाच्या आधारावर लिहिलं, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. मी उपनगरातल्या अशाच एका लहान पालिका हायस्कूलची पालक आहे, शाळा व्यवस्थापन समितीवरही आहे, आणि माझी दोन मुलं दोन तऱ्हेच्या शाळांत शिकलीत, त्यामुळे नुकसान काय असतं ते मी घरात बघितलंय.

मोठा मुलगा 2021 च्या बॅचचा. एका मोठ्या शाळेत होता, नाव घेत नाही, दहावीच्याच खूप तुकड्या. परीक्षा रद्द झाली होती, नववीचे 50, दहावीच्या वर्षातल्या कामाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असं धरून मार्क लावले, 16 जुलैला निकाल लागला, साइट कितीतरी तास उघडतच नव्हती, ते सगळ्यांना आठवत असेल. आम्ही मार्क बघून खूश झालो. पुढे मार्कशीट हातात आली तेव्हा बघितलं तर आईच्या नावाच्या जागी दुसऱ्याच बाईचं नाव. माझं नावच नाही. दहावीची मार्कशीट म्हणजे आयुष्यभराचा जन्मतारखेचा आणि नावाचा पुरावा, आणि त्यावर माझ्या मुलाची आई दुसरीच कोणीतरी!

शाळेत गेले तर म्हणाले प्री-लिस्ट (मार्कशीटआधी तपासायला बोर्डाकडून येणारी मुलांच्या माहितीची यादी) ग्रुपवर टाकली होती, तुम्ही चेक करायला हवी होती. तेव्हा तीन महिने आमच्या घरात एकच फोन, तोही नवऱ्याबरोबर कामावर जायचा. मग शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा, दाखल्याची झेरॉक्स आणा, प्रतिज्ञापत्र करा, शाळेकडून पत्र घ्या, ते घेऊन बोर्डाच्या विभागीय ऑफिसात जा. शाळेत दर वेळी नवीन माणूस भेटायचा आणि पहिलं वाक्य एकच, "मुलगा कोणत्या तुकडीत होता?" त्याचा चेहरा आठवणारं तिथे एकसुद्धा माणूस नव्हतं, वर्गशिक्षकसुद्धा नाही, कारण दहावीचं अख्खं वर्ष त्यांनी त्याला स्क्रीनवरच्या एका चौकोनात बघितलं होतं. मी त्यांना एकट्यांना दोष देत नाही, एवढ्या पोरांत कोणाला आठवणार? पण आठवत नाही हे खरं.

त्यानंतर मुलीला मी मुद्दाम आठवीत या लहान शाळेत घातलं. नातेवाईक म्हणाले, वेड लागलंय का, तिथे पोरं किती आहेत? गेल्या वर्षी दहावीत 17 होती. प्री-लिस्ट आली त्या दिवशी मी समितीच्या कामासाठी शाळेत होते. आमच्या क्लार्क बाईंनी सतराही मुलांना एकेक करून टेबलाशी बोलावलं, यादीवर पट्टी ठेवली आणि ओळ मोठ्याने वाचायला लावली. स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, जन्मतारीख, विषय, माध्यम. मुलाने वाचलं की बाई रजिस्टरशी ताडून बघायच्या आणि मगच पेन्सिलने टिक करायच्या. एक मुलगा आजीकडे राहतो, तो आईच्या नावापाशी आला आणि थांबला. बाईंनी पट्टी तिथेच धरली, बाकीच्यांना म्हणाल्या जरा बाहेर थांबा, आणि त्याला जवळ खुर्ची दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने नाव वाचलं, आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलंय हे त्यानेच दाखवलं. बाईंनी लाल पेनाने गोल केला. बस, एवढंच. त्या मुलाला माझ्यासारखे बोर्डाच्या ऑफिसात खेटे घालावे लागणार नाहीत. ही गोष्ट कोणत्या अहवालात येते? पटाच्या रकान्यात तो मुलगा म्हणजे फक्त 1 आहे.

आता पटाबद्दल. लेखात सगळा दोष घटत्या पटावर टाकलाय, जणू पट आपोआप घसरतो. आमच्याकडे काय झालं ते सांगते. सरकारने 2 मे 2012 पासून शिक्षकभरती थांबवली, मग शिक्षकभरतीसाठी सरकारचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं आणि भरती तिथे अडकत अडकत चालली. दरम्यान आमचे गणिताचे सर रिटायर झाले, जागा रिकामी, विज्ञानाच्या बाई दोन्ही विषय घ्यायला लागल्या. पालकांना दिसतं ना हे, ते मुलांना काढून दुसरीकडे घालणारच. आणि दुसरीकडे म्हणजे कुठे, तर 2012 च्या कायद्याने ज्या स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या) शाळा जवळपास उभ्या राहिल्या तिथे. मग 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा) जीआर आला आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये 20 या आकड्याशिवाय दुसरं बोलणं नाही, कारण पट विसाच्या खाली गेला की शिक्षकांच्या पदांवर गदा. आधी शिक्षक दिला नाही म्हणून मुलं गेली, आता मुलं गेली म्हणून शिक्षक नाही. तुमच्या लेखात यातलं दुसरं अर्धंच आहे, पहिलं अर्धं कुठे गेलं?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी निदान एक शिक्षक हवा. नववीला पोचलं की त्या कायद्याचंही छत्र संपतं, कारण तो 6 ते 14 वयापुरता. म्हणजे ज्या दोन वर्षांत पोरं सगळ्यात जास्त गळतात तिथेच त्यांना हातात धरायला कायदा नाही. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, अर्ध्या बायका हव्यात असंही आहे, आणि शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा असतो. आम्ही केला. विलीनीकरणाचं मात्र आम्हाला कोणीही एका शब्दाने विचारलं नाही, आम्हाला ते पेपरात वाचून कळतं, या वेळी तुमच्या पेपरात.

तीन किलोमीटरच्या आतली शाळा म्हणजे जवळची, हे नियमात बसतं, मला माहितेय. पण ते तीन किलोमीटर कोणी चालून बघितलेत का? मध्ये हायवे आहे. आमच्या शाळेतल्या अर्ध्या मुलींच्या आया सकाळी सहाला कामावर निघतात, मुली आपल्या आपण शाळेत येतात कारण शाळा वस्तीतच आहे. ती हायवेपलीकडे गेली की कितीतरी मुली घरीच बसणार, त्यांना कोण सोडायला जाणार?

अजून एक, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं, त्याच दिवसांत दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरणं चालू होतं, आणि आमच्या शाळेतले मोजके शिक्षक तेवढेच निवडणुकीच्या ट्रेनिंगला आणि ड्यूटीला. निवडणूक, जनगणना, आपत्ती यांची कामं कायद्याने देता येतात, मान्य. पण शंभर शिक्षकांच्या शाळेतून दोन गेले तर वर्ग चालतो, आमच्याकडून दोन गेले की विषयच बंद पडतो. हा हिशोब वेगळा करायला काय हरकत आहे? आणि याच्याआधीच 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद सगळ्यांनी साजरा केला, आम्हीही फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं. त्या फळ्यासमोर मराठीतून भूमिती शिकवायला माणूस द्या, एवढंच मागणं आहे.

संपादकसाहेब, लेखकांना माझी एक विनंती कळवा. यंदाही प्री-लिस्ट येईल, माझी मुलगी यंदा दहावीला आहे. त्या दिवशी त्यांनी किंवा तुमच्या बातमीदाराने आमच्या ऑफिसात तासभर येऊन बसावं, क्लार्क बाईंनी परवानगी दिलीय. मुलगी माझं नाव वाचेल तेव्हा मीही तिथे असणार आहे.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य