बासरीचा ग चढा लागतोय म्हणून

ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर म्हणालात, नव्या बासरीचा ग चढा लागतो, म्हणून ते भोक बुजवून जरा खाली नवीन पाडणार. कृपा करून थांबा. इथे वाद्यदुरुस्तीच्या कामात आम्ही अख्खं भोक बुजवायच्या फंदात पडतच नाही, त्याची वरची कड तेवढी भरतो.

ग वाजवताना बोटांच्या भोकांपैकी फुंकेकडून पहिलं झाकलेलं असतं, सूर दुसऱ्यातून निघतो. म्हणून दुसऱ्यालाच हात लावायचा. तिळाएवढं मेण घ्या आणि भोकाच्या आतल्या भिंतीला, फुंकेच्या बाजूने, काडीने चंद्रकोरीसारखं दाबून बसवा. भोक लहान होतं, शिवाय त्याचा मध्य फुंकेपासून लांब सरकतो. दोन्हींनी सूर उतरतो. मेण कडेच्या वर मात्र येऊ देऊ नका. बोट नीट बसलं नाही तर रे आणि सा फुसफुसतील, मग मलाच बोलाल.

वाजवून बासरी गरम झाल्याशिवाय तपासू नका. आतली हवा एक अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). आणि तो मोबाइलवरचा ट्यूनर बंदच ठेवा. त्याचा ग सा-पासून ४०० सेंटवर, तानपुऱ्यात ऐकू येणारा ३८६ च्या आसपास. काटा मधोमध आला तरी तुमच्या कानाला तो १४ सेंट चढाच वाटणार, आणि कान बरोबर असेल.

तार सप्तकातला गही लावून बघा. सुरुवातीला मी एका क्लॅरिनेटचं भोक लाखेने भरलं, खालचा सूर चोख आला म्हणून खूश झाले. त्याच बोटांनी निघणारा वरचा सूर पार बसला होता. ती लाख उकरण्यात संध्याकाळ गेली. तीव्र मसुद्धा किंचित उतरेल, तेवढं फुंकेने सांभाळता येतं. ग दबका वाटायला लागला तर मेण जास्त झालं समजा, नखाने थोडं काढा.

आठवडाभर मेणावरच वाजवा. पटलं की ते काढून तिथे बिनरंगी नेलपॉलिशचे पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. बाटली आईला विचारून घ्या.

मेण लावल्यावर सा आणि ग लांबवून रेकॉर्ड करा आणि पाठवा. मागे तानपुरा चालू असू दे.

तुमची,
लेक