दुसरी बॅटरी

खानापूर, रविवार

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा स्टेशनवर मी तसं बोलायला नको होतं. गाडी हलता हलता "मुलीच्या जातीनं गुहांत कसलं शिरायचं" असं तोंडातून गेलं आणि तू खिडकीतून नुसती बघत राहिलीस. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. जेवताना म्हणाली, "तुम्ही लेहला निघालात तेव्हा मला कुणी विचारलं होतं?" मी भाकरी मोडत बसलो.

मेघालयात पावसाच्या आधी वटवाघळांचं काम आटपणार म्हणालीस, ते बरं. बॅटऱ्या दोन घेतल्यास ना? एक डोक्याला, एक खिशात. सेल नवे.

काल माळा आवरताना तुझा गेम सापडला. मामेभावाचा जुना, सेलच्या झाकणाला रबर लावलेला. मी सुट्टीवर आलो की मांडीवर बसून दाखवायचीस. पोकेमॉन रेड. पोरगं घर सोडून निघतं. खाली टेबलाशी बसलेली आई म्हणते, मुलं एक दिवस जायचीच, टीव्हीवर सांगितलंय. बस. ना डबा, ना रडणं. मी विचारलं, "ह्याचा बाप कुठाय?" तू वर न बघता म्हणालीस, "फौजेत असंल."

पुढं मामाकडं पोकेमॉनचाच रुबी खेळलीस, त्यात एकदाचा बाप निघाला, नॉर्मन. पोरगं दारात येतं तर हा सांगतो, आधी चार बिल्ले मिळवून ये, मग माझ्याशी लढ. "बाबा, हे तुम्ही," म्हणालीस. मी चारचौघांत कौतुकानं सांगायचो. आता वाटतं, तू हसत नव्हतीस.

गुहेत एकटीनं जायचं नाही. बाहेर माणूस ठेवायचा, किती वाजता परतणार ते त्याला सांगून शिरायचं. तोंडाला मास्क. रेबीजची इंजेक्शनं झाली असली तरी चावा लपवायचा नाही. बघ, झाली परेड सुरू. हे सगळं तूच मला शिकवलंयस, माफ कर.

पण बॅटरीचं बोलतो, कारण बारापेड्याची ती गुहा. तू अकराची. तेव्हा अभयारण्य झालं नव्हतं, तळेवाडीवरून चालत गेलो. आत पंधरा पावलं गेलो नाही तोच बॅटरी पिवळी पडली आणि गेली. डोक्यावरून फडफड. तू माझा पट्टा धरलास आणि मलाच समजावायला लागलीस, गेममध्येही असा अंधारा बोगदा आहे, पण त्यातल्या वटवाघळाला, झूबॅटला, डोळेच नसतात, खऱ्या वटवाघळाला असतात, बाबा, घाबरू नका. मी घाबरलो होतो गं. द्रासला नाही घाबरलो इतका. भिंतीला हात लावत बाहेर आलो आणि मग तुझ्यावरच ओरडलो.

पणजोबा 1944 ला इटलीत होते. त्यांच्या आईनं काय केलं असेल, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही. आपल्या घरात जाणाऱ्यांच्याच गोष्टी सांगतात.

बाजारात मात्र सांगत फिरतो. राउटनचं वटवाघूळ, 1913 साली नोंद झालेलं, कितीतरी वर्षं जगात फक्त आमच्या बारापेड्यातच माहीत होतं. मग कळलं त्याचे पाव्हणे मेघालयात आणि कंबोडियातही आहेत. आमची पोरगी त्या पाव्हण्यांकडं गेलीय म्हणतो. चहावाला विचारतो, "पाव्हण्यांना गोड कुंदा पाठवलासा काय की?"

आई बरी आहे. आत्तीचा गुडघा तसाच. फोन लागला नाही तर समजून घेईन, असं लिहिणार होतो. नाही घेणार. बाहेर आलीस की एक मिस्ड कॉल दे.

तुझा,
बाबा

ता.क. गेमचं रबर काढून आत बघितलं. सेल फुटून पांढरे झालेत, पण एकावर तारीख वाचता येते, निळ्या पेनानं, माझ्या हातची. बॅटरीत घालायच्या सेलवरच मी तारीख घालायचो. म्हणजे बारापेड्याच्या आदल्या रात्री नवे सेल तू गेममध्ये घातलेस आणि गेमचे संपत आलेले बॅटरीत. इतकी वर्षं मी त्या दुकानदाराला शिव्या घालतोय, मने. तिकडं तरी अदलाबदल करू नकोस.