टायमर कामाला लावला, पण ब्रेकचं काय?

संपादक महोदय,
नमस्कार. गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरून काम करणाऱ्यांसाठी लेख होता, त्यात ‘टायमर ॲप वापरा’ एवढं एका ओळीत सांगून लेखक पुढं निघून गेले. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते आणि दीड वर्ष हेच ॲप वापरून झालंय, त्यामुळे राहवलं नाही.

ॲप भाच्याने मोबाईलमध्ये टाकून दिलं. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं ब्रेक, असे 4 राउंड झाले की 15 ते 30 मिनिटं मोठा ब्रेक. याला म्हणे पोमोडोरो म्हणतात, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या माणसाने 1980च्या दशकाच्या शेवटी, शिकत असताना, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून किचनमधला टोमॅटोसारखा टायमर लावून हे सुरू केलं. मला हसू आलं, आपली घटका 24 मिनिटांची, लग्नात घंगाळात घटिकापात्र सोडायचे आणि ते बुडालं की घटका भरली, म्हणजे फरक फक्त एका मिनिटाचा!

तर सुरुवातीला झकास चाललं, 16 पानांचा फॉर्म, म्हणजे पुस्तकाची एकत्र छापायची 16 पानं, कधी संपला कळायचं नाही. मग लक्षात आलं की गोम ब्रेकमध्ये आहे. टायमर वाजतो मोबाईलमध्ये, तो बंद करायला मोबाईल हातात घ्यायचा, तिथं फॅमिली ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस, त्याला केक पाठवायचा, मग एक रील, मग त्याच्याखालचं अजून एक, आणि 5 मिनिटांची 20 कधी होतात देव जाणे. वर डोळ्यांना विश्रांती शून्य, कागदावरून उचलले ते स्क्रीनवर टाकले. अशाच एका ब्रेकनंतर माझ्या हातून ‘जन्मदिन’चं ‘जन्मदीन’ निसटलं आणि ते तसंच छापून आलं, प्रकाशकांनी फोनवर काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

आता भांड्यांच्या दुकानातून चावीचा टायमर आणलाय, मोबाईल दुसऱ्या खोलीत. वाजला की उठायचं, पाणी प्यायचं, गॅलरीतून समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसायचं. डोळ्यांचे डॉक्टर पण सांगतातच ना, दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघा म्हणून.

दुसरं एक. मूळ पद्धतीत नियम असा की मधे काम तुटलं तर तो टोमॅटो, म्हणजे तो 25 मिनिटांचा राउंड, रद्द, पहिल्यापासून सुरू करायचं. अहो, आमच्याकडे सकाळी गॅस सिलिंडरवाला, मग सासूबाईंच्या गोळ्या, मग कुरिअर, या हिशोबाने दिवसभरात अर्धा टोमॅटो पण पिकणार नाही! त्यामुळे कुणी आलं की मी टायमर बघते, किती मिनिटं उरली ते पेन्सिलीने लिहून ठेवते आणि परत बसल्यावर तेवढाच लावते. नियमात बसत नाही, पण काम होतं.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा ब्रेकमध्ये मोबाईल कुठं ठेवायचा तेही लेखकांना लिहायला सांगा. आणि त्या लेखात दोनदा ‘उर्जा’ छापलंय, ते ‘ऊर्जा’ हवं.

– एक वाचक, नाशिक रोड