आखाजी होऊन गेली तरी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, सूनबाई अमळनेरला माहेरी गेली, ते आपल्याकडच्या रीतीप्रमाणेच झाले. पण झाडांचे झोके उतरून महिना होत आला, केळीच्या मृगबागेची लागवड तोंडावर आली, तरी ती पुण्याला परतलेली नाही. काल मी विचारले तेव्हा तू म्हणालास, "आमचे भांडण नाही, मी तिच्यावर कधी आवाजही चढवत नाही." असे मीही एके काळी मोठ्या अभिमानाने सांगत असे.

तू दोन वर्षांचा असताना मे महिन्याच्या वादळात आपली केळी एका रात्रीत आडवी झाली. केळीच्या झाडाला घड एकदाच येतो. वर्षभर पाणी-खत घालून कापणी पंधरा दिवसांवर आलेली असताना झाडे मोडली आणि उभे राहिले ते फक्त कर्ज. वाऱ्यावर राग काढता येत नाही, म्हणून तो मी घरात आणला. तुझ्या आजोबांसारखा मी ओरडलो नाही (त्यांचा आवाज गल्लीभर ऐकू येई, पण संध्याकाळी ते आजीशी बोलत जेवत असत). मी अबोला धरला आणि त्यालाच समजूतदारपणा मानले. तुझी आई रोज काही ना काही विचारी, मी नुसता हुंकार देई. पोळ्याच्या सुमारास तिने विचारणे सोडले. स्वतः वावरात भाकरी घेऊन येणारी ती सालदाराच्या हाती डबा पाठवू लागली, तेव्हा मात्र मला कर्जापेक्षा अधिक भीती वाटली.

त्या रात्री मी तिला कर्जाचा आकडा सांगितला. ती बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मला वाटले, मीच नकोशी झाले." माझा राग तिच्यावर नव्हता, हे मला ठाऊक होते, तिला ते कळावे कसे, याचा विचार मी तीन महिन्यांत एकदाही केला नव्हता.

तुझी नोकरी डळमळीत आहे, हे मला तुझ्या बहिणीकडून समजले. सूनबाईला ते कोणाकडून समजले? तिला आणायला दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस आणि फोनवर उरकू नकोस. स्वतः जा, आणि तिच्या आईवडिलांसमोर नव्हे, तिला एकटीला सांग. ती लगेच निघेल असे धरून चालू नकोस. ती रागावली, तर तेव्हा तरी गप्प बसू नकोस.

जाताना घरावरून जा. आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा भरून ठेवला आहे. तो सूनबाईसाठी आहे, तुझ्यासाठी नाही, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

तुझे वडील